घड्याळ जपले, त्याचा कागद जपला का?



विमा म्हटले की आपल्या घरात एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी. माणसाचा विमा आपल्याला कळतो. मोटारसायकलचा विमा कायद्याने सक्तीचा आहे म्हणून आपण तोही काढतो. परंतु घरातल्या वस्तूंचाही विमा असतो, इतकेच काय पण मनगटावरच्या घड्याळाचाही असतो, असे कोणी सांगितले तर आपण हसतो. ‘घड्याळांचा विमा काढायला आपण काय संस्थानिक लागून गेलो?’ असे कोणीही विचारील.

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्यापूर्वी आपण आपले कपाट एकदा उघडून पाहावे. आजोबा गिरणीतून किंवा रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेले घड्याळ तेथे असते. वडिलांनी बोनसच्या पैशांतून घेतलेले चावीचे घड्याळ असते. थोरल्या मुलीने पहिल्या पगारात आईसाठी आणलेले सोनेरी पट्ट्याचे घड्याळ असते. आखातात नोकरीला गेलेल्या भावाने आणलेले एखादे परदेशी घड्याळही असते. कोणी ठरवून संग्रह केलेला नसतो, पण तीन पिढ्यांत तो आपोआप झालेला असतो. ज्या समाजाच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर राहून दुसऱ्याच्या हाकेवर उठावे लागले, त्या समाजातला माणूस शहरात येऊन स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहू लागला, ही साधी गोष्ट नव्हे. म्हणूनच बंद पडलेले घड्याळसुद्धा आपण टाकून देत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. १९६१ साली सरकारी एचएमटी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरू येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावे तेव्हा कामगारांच्या घराघरांत पोहोचली. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. जी वस्तू बनणे थांबते तिला हौशी माणसे शोधू लागतात. त्यामुळे ज्या घड्याळाला आपण ‘जुनेपुराणे’ म्हणतो, त्याला आज गिऱ्हाईक असू शकते. काही परदेशी घड्याळांचे मोल तर आपल्याला ठाऊकही नसते. घरात काय आहे हे माहीत नसणे हीच पहिली हानी होय.

तथागतांनी गृहस्थाला काय सांगितले?

काही उपासक म्हणतील, सर्व संस्कार अनित्य आहेत, मग वस्तूंची एवढी काळजी कशाला? परंतु भगवान बुद्धांनी भिक्खूला एक आणि गृहस्थाला दुसरे कर्तव्य सांगितले आहे. कोलियांच्या दीघजाणू नावाच्या गृहस्थाने त्यांना विचारले होते की, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आमच्या या जन्मीच्या सुखाचा मार्ग सांगा. तेव्हा बुद्धांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठानसंपदा, म्हणजे कष्टाने व कौशल्याने मिळवणे. दुसरी आरक्खसंपदा, म्हणजे घाम गाळून मिळवलेले सांभाळणे. तिसरी कल्याणमित्रांची संगत आणि चौथी मिळकतीच्या मानाने समतोल जगणे. दुसऱ्या गोष्टीचा खुलासा करताना त्यांनी धनाला असलेली भये मोजून दाखवली आहेत. राजाने हिरावणे, चोराने नेणे, आगीने जाळणे, पाण्याने वाहून नेणे आणि नावडत्या वारसाच्या हाती पडणे ही ती भये होत.

आजच्या घरविम्याची पॉलिसी हातात घेऊन वाचली तर चोर, आग आणि पाणी ही तीन भये तीत जशीच्या तशी सापडतात. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही आरक्खसंपदा आहे. सिगालोवाद सुत्तातही मिळकतीचे चार भाग करून चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यास सांगितले आहे. विम्याचा हप्ता त्या चौथ्या भागातून भरावा.

बाबासाहेब आणि विमा

विमा हा श्रीमंतांचा विषय नाही, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४७ साली ऑल इंडिया शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. विमा व्यवसाय संपूर्णपणे सरकारच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा काढलाच पाहिजे, अशी तरतूद त्यांनी त्यात सुचवली होती. पुढे १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमाही सरकारी झाला आणि न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्या उभ्या राहिल्या. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्यांनाही दार उघडले. आज घराचा विमा सरकारी कंपनीकडे मिळतो आणि खासगी कंपनीकडेही मिळतो. बाबासाहेबांचा मूळ विचार असा की संकटाचा भार एकट्या कुटुंबाच्या डोक्यावर पडू नये. तो आजही आपल्या कामाचा आहे.

कोणत्या विम्यात काय मिळते?

येथे बरेच जण फसतात, म्हणून नीट समजून घेऊ. घरातल्या घड्याळावर तीन प्रकारची संकटे येतात आणि त्यांचे विमेही वेगवेगळे असतात.

पहिले संकट आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल यांचे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेवर एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी तळमजल्यावरच्या किती संसारांत पाणी शिरले हे आपण विसरलेलो नाही. अशा संकटांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सुरू झाली आहे. घराच्या बांधकामाचा विमा काढला की त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांचा, घरातल्या साध्या सामानाचा विमा आपोआप होतो. म्हणजे बांधकामाचा विमा १० लाखांचा असेल तर सामानाला २ लाखांचे संरक्षण मिळते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही केवळ सामानाचा विमा घेता येतो. हे आपल्या चाळकरी बांधवांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

मात्र या ‘साध्या सामानात’ भांडीकुंडी, कपडे, फर्निचर, टीव्ही, फ्रीज असे संसाराचे सामान येते. दागिने, चांदीच्या वस्तू, दुर्मीळ जुन्या वस्तू अशा मौल्यवान चिजा त्यात धरल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण मागावे लागते. महागडे किंवा दुर्मीळ घड्याळ त्यात नावानिशी लिहून घ्यावे आणि तसे ते पॉलिसीच्या यादीत छापून आले आहे की नाही हे पाहावे.

दुसरे संकट चोरीचे. ‘भारत गृह रक्षा’मध्ये नुसत्या घरफोडीला संरक्षण नाही. आग, पूर यांसारखी घटना घडली आणि त्या गोंधळात सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तेवढीच चोरी त्यात बसते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी किंवा घरमालकांची एकत्रित पॉलिसी घ्यावी लागते. घरफोडी याचा अर्थही समजून घ्यावा. कुलूप, कडी, खिडकी तोडून चोर शिरल्याची खूण पाहिजे. दार सताड उघडे होते आणि कोणीतरी येऊन टेबलावरचे घड्याळ उचलले, तर पुष्कळ पॉलिसींत भरपाई मिळत नाही.

तिसरे संकट घराबाहेरचे. लोकलच्या गर्दीत पट्टा तुटून घड्याळ पडले, प्रवासात कोणी हिसकावून नेले, लग्नाच्या हॉलमध्ये फुटले, यासाठी ‘ऑल रिस्क’ नावाचे संरक्षण असते. त्यात वस्तू घराबाहेर असतानाही विमा चालू राहतो. हप्ता अर्थातच जास्त असतो. जे घड्याळ रोज हातात असते त्याला हे संरक्षण उपयोगी. जे कपाटातच असते त्याला त्याची गरज नाही.

आता काय मिळत नाही तेही पाहू. घड्याळ जुने होऊन बंद पडले, आतले यंत्र बिघडले, चावी जास्त दिल्याने स्प्रिंग तुटली, गंज चढला, तर विमा कंपनी पैसे देत नाही. दुरुस्तीचा खर्च आपलाच. घड्याळ ‘कुठे गेले कोण जाणे’ अशा रीतीने नाहीसे झाले तरी दावा सहसा टिकत नाही. शिवाय अनेक पॉलिसींत घर बराच काळ बंद ठेवायचे असेल तर कंपनीला आधी कळवावे लागते. काहींमध्ये ही मुदत ३० दिवसांची असते. नागपूरला दीक्षाभूमीवर चार दिवस जाऊन येण्याने काही बिघडत नाही. परंतु मे महिन्यात मुलांना घेऊन दीड महिना गावी जाणाऱ्या कुटुंबाने ही अट वाचून ठेवावी.

किंमत कोण ठरवणार?

वाडवडिलांच्या घड्याळाची किंमत आपल्या मनात लाखाची असते. पण नुकसान झाल्यावर कंपनीचा माणूस बाजारभाव विचारतो आणि वापराची घट वजा करतो. आठवणीची भरपाई कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. म्हणून जुन्या व दुर्मीळ वस्तूंसाठी आधीच मान्य झालेल्या किमतीवर विमा घेणे उत्तम. पॉलिसी घेतानाच दोन्ही बाजूंनी किंमत ठरते आणि वस्तू पूर्ण गेली तर त्याच किमतीला भरपाई होते. ‘भारत गृह रक्षा’तील मौल्यवान वस्तूंचे संरक्षण याच पद्धतीचे आहे. अशा वस्तूंची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जास्त असेल तर जाणकाराकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या घड्याळाची डायल डागाळली म्हणून ती नव्याने रंगवून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. घड्याळ चकचकीत दिसते, पण जाणत्याच्या लेखी त्याचे मोल उतरते, कारण त्यांना मूळ डायल, मूळ काटे आणि मूळ यंत्र हवे असते. घड्याळजीकडे दिल्यावर ‘फक्त साफसफाई आणि तेलपाणी करा, भाग बदलण्यापूर्वी विचारा’ असे सांगावे आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.

किंमत कमी लिहून हप्ता वाचवण्याचा मोहही टाळावा. समजा एखाद्या घरातील विमा केलेल्या सामानाची खरी किंमत ४ लाख रुपये आहे आणि विमा मात्र २ लाखांचाच घेतला. चोरीत १ लाखाचे नुकसान झाले. आपल्याला वाटते की विमा २ लाखांचा आहे, म्हणजे १ लाख पूर्ण मिळतील. परंतु सरासरीचे कलम असलेल्या पॉलिसीत कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच किमतीचा विमा घेतलात, म्हणून नुकसानही निम्मेच देऊ. हाती पडतात ५० हजार. ‘भारत गृह रक्षा’मध्ये हे कलम लागू होत नाही. पण घरफोडीच्या व इतर पॉलिसींत ते असू शकते, म्हणून आधी विचारावे.

जास्त किंमत लिहिण्यातही लाभ नाही. खोटे बिल, फुगवलेला आकडा किंवा न गेलेली वस्तू गेल्याचे सांगणे उघडकीस आले तर संपूर्ण दावा नाकारला जाऊ शकतो. शिवाय चौथे शील आपण विहारात दर रविवारी ग्रहण करतो, ते अर्ज भरतानाही पाळायचे असते.

कागद नसेल तर वस्तू नाही

विम्याच्या व्यवहारात आपल्या समाजाचे सर्वांत मोठे नुकसान कशाने होत असेल तर ते कागदाअभावी होते. पिढ्यान् पिढ्या आपल्या नावावर काही नव्हतेच, त्यामुळे कागद सांभाळण्याची सवय लागली नाही. घड्याळ पेटीत ठेवतो आणि बिल फेकून देतो. मग दावा करताना ‘घड्याळ होते’ हेच सिद्ध करता येत नाही.

यासाठी पैसा लागत नाही, एक शंभर पानी वही लागते. घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीकडे हे काम सोपवावे. प्रत्येक घड्याळाला एक पान द्यावे. त्यावर कंपनीचे नाव, मॉडेल, मागच्या झाकणावर कोरलेला नंबर, कोणाकडून व कोणत्या साली मिळाले, किती रुपयांना घेतले, दुरुस्ती कधी व कोठे केली, हे लिहावे. बिल, गॅरंटी कार्ड, दुरुस्तीची पावती असेल तर चिकटवावी. निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या घड्याळावर नाव कोरलेले असते, त्याचा जवळून फोटो काढावा. त्या समारंभाचा जुना फोटो किंवा पत्र असेल तर तोही पुरावाच आहे. आखातातून आलेल्या वस्तूचे बिल भावाकडून मागवून घ्यावे. बिल अजिबात नसेल तर जाणत्या घड्याळ दुकानदाराकडून लेखी अंदाज घ्यावा आणि विमा कंपनीला तो चालेल काय हे आधी विचारावे.

वही घरात आणि घड्याळही घरात असेल तर आग दोन्ही नेते. म्हणून वहीच्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढून बहिणीकडे, मावशीकडे, दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवावेत. याच वहीत दागिने, शिलाई मशीन, टीव्ही, जातीच्या दाखल्यांची व शाळेच्या दाखल्यांची यादीही करावी. पॉलिसी शक्यतो पती-पत्नी दोघांच्या नावे घ्यावी आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातल्या बाईला माहीत असावे. पुरुष गेल्यावर पॉलिसीचा पत्ताच लागत नाही असे होऊ नये.

काही जण मौल्यवान वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. ते चांगलेच आहे, पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्याचा गैरप्रकार यामुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. भाडे २ हजार रुपये असेल तर जास्तीत जास्त २ लाख. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेची हयगय नसेल तर, तेवढीही जबाबदारी राहत नाही.

नुकसान झाले तर

चोरी झाली तर आधी पोलीस ठाणे गाठावे आणि घड्याळाच्या नंबरासह एफआयआर नोंदवून तिची प्रत घ्यावी. ती प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. आग लागली तर अग्निशमन दलाचा दाखला घ्यावा, पूर आला तर पंचनाम्याची प्रत घ्यावी. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत जळालेले, भिजलेले घड्याळ फेकू नये. ते कितीही निकामी दिसले तरी तोच पुरावा असतो. चोरीच्या दाव्यात कंपनी पोलिसांचा शेवटचा अहवाल मागते. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, अशा अहवालाला आपल्याकडे ‘ए समरी’ म्हणतात. त्यासाठी पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात पाठपुरावा करावा लागतो. हेलपाटे पडतात, पण सोडून देऊ नये.

कंपनीने दावा नाकारला तर नाकारण्याचे कारण लेखी मागावे आणि कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. हातात अर्ज घेऊन हक्क मागणे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. येथेही तेच करायचे आहे.

आधी काय, नंतर काय?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. घरातल्या चार घड्याळांची मिळून किंमत चार-पाच हजार असेल तर त्यांचा वेगळा विमा काढण्यात अर्थ नाही. त्या पैशांत आधी कर्त्या माणसाचा आयुर्विमा, मग आजारपणाचा विमा, मग घर व संसाराच्या सामानाचा विमा, हा क्रम ठेवावा. एखादे घड्याळ खरोखरच मोलाचे निघाले, किंवा सर्वांची किंमत आपल्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी झाली, तरच ते पॉलिसीत नावानिशी लिहावे. एजंट गोड बोलला म्हणून सही करू नये. अर्जातला प्रत्येक रकाना स्वतः वाचावा, वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यावा. घर पत्र्याचे असेल तर पत्र्याचे, भाड्याचे असेल तर भाड्याचे असेच लिहावे.

वहीचे काम मात्र प्रत्येक घराने करावे, विमा काढो वा न काढो. महिला मंडळांनी एखाद्या रविवारी वंदनेनंतर विहारातच सर्वांना वह्या घेऊन बसवले तर दोन तासांत वस्तीतल्या पन्नास घरांची नोंद होईल. तेव्हा आजोबांच्या घड्याळाचा नंबर लिहिता लिहिता नातवंडांना हेही कळेल की हे घड्याळ कोणत्या खात्यातल्या किती वर्षांच्या पाळ्यांचे आहे. विमा कंपनी घड्याळाची किंमत देईल, पण त्या पाळ्यांचा हिशेब आपणच लिहून ठेवला पाहिजे.

जयभीम.